रंगनाथभाऊंचे बारा दिवस

रंगनाथभाऊंविषयी लिहायला बसले की मला आधी माझाच अंगठा आठवतो. नोव्हेंबर २०२१. नुपूरच्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणा आईचा मेसेज आला, की आपल्या बसच्या ड्रायव्हरला ड्रग्जच्या पुड्या वाटताना पोलिसांनी पकडलंय, शाळेने त्याला ताबडतोब काढावं, सहमत असाल तर अंगठा दाखवा. मी भाजी परतत होते, डाव्या हातात फोन होता. दाखवला अंगठा. दोहातल्या एका वकिलाच्या ऑफिसात मी भाषांतराचं काम करते. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हे वाक्य मी हिंदीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून हिंदीत निदान पाचशे वेळा नेलं असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नुपूर तेव्हा नऊ वर्षांची. तिने जेवताना मान वर केली आणि म्हणाली, "आई, इट्स जस्ट ॲश. ही पुट्स इट ऑन द स्टिअरिंग एव्हरी मॉर्निंग."

"तू जेव," मी म्हटलं.

पोरीला जे ठाऊक होतं ते शोधून काढायला पुढे सरकारी प्रयोगशाळेला बारा दिवस लागले, आणि तो कागद उघडून वाचायला पोलिसांना आणखी एकतीस. रंगनाथभाऊंची सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे.

माणूस आष्टी तालुक्यातला. बीडच्या त्या कोरड्या टोकाकडचा. बावीस वर्षं कतारमध्ये, त्यातली शेवटची सहा आमच्या शाळेच्या बसवर. त्याआधी ट्रेलर चालवायचे, दोहाच्या बंदरावरून कंटेनर ओढायचे. मदिनत खलीफातल्या आमच्या गल्लीत बस वळली की घरातल्या घरात कळायचं, कारण हॉर्न वाजायचा नाही. हॉर्नने झोपलेली लहान बाळं उठतात, असं त्यांचं म्हणणं. दुपारी पोर उतरलं तरी दारात घरचं माणूस दिसल्याशिवाय बस हलायची नाही. एकदा मला फाटक उघडायला पाच मिनिटं उशीर झाला, तर बावीस पोरांसकट बस उन्हात उभी. वर मलाच म्हणाले, "ताई, घाई करू नका, पडाल."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. पोरं दंगा करायला लागली की ते आरशात बघून ओरडायचे, "बूड टेकवा!" आणि इजिप्तची, फिलिपिन्सची, केरळची सगळी पोरं बूड टेकवायची. शाळेच्या कार्यक्रमात एका लेबनीज आईने मला विचारलं होतं, "ड्रायव्हरचं हे बूड टेकवा नाव कोणत्या देशाचं?" मी आठवडाभर हसत होते.

आता त्या राखेचं. त्यांच्या गावाजवळच्या गडावर नाथांचं ठाणं आहे आणि तिथे धुनी आहे. भाऊ सुट्टी संपवून निघाले की त्यांची बायको हौसाबाई आदल्या दिवशी गड चढून जायची, अंगारा आणायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोनी तुकडे करून त्याच्या पुड्या बांधायची. एकेक पुडी नखाएवढी, घडी अशी पक्की की विमानात सांडायची नाही. पन्नास-साठ पुड्या सहज. त्या पत्र्याच्या डबीत, डबी जेवणाच्या पिशवीत. सकाळी चिमूटभर स्टिअरिंगला, चिमूटभर कपाळाला. बाकी सगळ्या गोतावळ्याला. कुणाला ताप आला, कुणाला वाईट स्वप्नं पडली, कुणाच्या पोराची तिकडे परीक्षा आहे, की रंगनाथभाऊ पुडी द्यायचे. हैदराबादचा दिलावर, दुसऱ्या बसचा ड्रायव्हर, तोही घ्यायचा. बिस्मिल्ला म्हणून जिभेवर ठेवायचा. त्याला गुण यायचा आणि दोघांपैकी एकाच्याही देवाची तक्रार नव्हती.

त्या दिवशी दिलावरला कणकण होती. कोरोनाचे दिवस. ताप आहे म्हणून सांगितलं तर घरी बसवतील, ही भीती. दुपारची फेरी संपवून बस लावायच्या मैदानात दोघे उभे होते. भाऊंनी डबीतून पुडी काढली, इकडेतिकडे बघितलं, कारण तापाची गोष्ट कुणाला कळायला नको, आणि दिलावरच्या मुठीत सरकवली. नेमकी तेव्हा पोलिसांची गाडी आत वळली. विश्वचषकाला वर्ष राहिलं होतं, आणि त्याची रंगीत तालीम म्हणून महिनाअखेरीला एक स्पर्धा व्हायची होती. शहरभर बंदोबस्त, कोपऱ्याकोपऱ्यावर तपासणी.

"क्या है ये?" एकाने विचारलं.

"दवा है, साब."

"किसको देता है?"

"सबको देता हूं."

झालं. डबीत सदतीस पुड्या होत्या.

मी नंतर त्यांना विचारलं, की अहो, देवाची राख म्हणून का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "ताई, परका मुलूख, त्यांचा धरम येगळा. देवाचं नाव काढावं आन् त्यातून आनखी काही निघावं. दवा म्हनलं की कुनालाबी समजतं." ही चूक आपल्याकडचाच माणूस करू शकतो. खरं सांगितलं तर समोरच्याला उगाच अवघडल्यासारखं होईल, म्हणून सोपं खोटं सांगायचं.

दिलावरला संध्याकाळी सोडलं. भाऊंना आत घेतलं. तो रविवार, चौदा नोव्हेंबर.

बुधवारी त्यांचं गावचं तिकीट होतं. हौसाबाईच्या पित्ताशयात खडे झाले होते, सूज होती, नगरच्या डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं होतं. भाऊंना घरी एक फोनही करता आला नाही. मुलगी बबीता, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आईजवळ होती. ती म्हणत होती, मी करते सही. हौसाबाई ऐकेना. "तुजा बाप निघालाय. त्याला येऊ दे. मालकाच्या सहीबिगर मला पोट फाडून घ्यायचं न्हाई." शुक्रवार गेला. शनिवारी ताप चढला. डॉक्टर चिडले, तेव्हा अर्धी हो म्हणाली, मग पुन्हा नाही. बबीता बापाला फोन लावत राहिली. रविवारी कंपनीच्या माणसाने एकदाचा उचलला आणि एवढंच बोलला, "पुलिस में है. ड्रग्स का केस है." आणि ठेवून दिला.

बबीताने ते आईला सांगितलं नाही. ती म्हणाली, "आप्पांचं विमान उशिरानं आहे, उद्या येतायत." सोमवारी, बावीस तारखेला, हौसाबाई गेली. भाऊंच्या अटकेचा तो नववा दिवस.

पंचवीस तारखेला, म्हणजे बाराव्या दिवशी, प्रयोगशाळेचा अहवाल चौकीत पोचला. त्यावर आवक शिक्का पडला, घेणाऱ्याची सही झाली. पुड्यांत लाकडाची आणि शेणाची राख आहे, दुसरं काहीही नाही. पण ज्या अधिकाऱ्याकडे ही फाइल होती त्याला त्याच आठवड्यात स्टेडियमच्या बंदोबस्तावर नेलं होतं. फाइल ड्रॉवरमध्ये. स्पर्धा सुरू झाली, रंगली, संपली. आमच्या बिल्डिंगखाली पोरं झेंडे घेऊन नाचली. अधिकारी सुट्टीवर गेला, परत आला, त्याने ड्रॉवर उघडला. सव्वीस डिसेंबरला रंगनाथभाऊंना हाताला धरून फाटकाबाहेर आणलं आणि "खलास, जाओ" म्हणून सांगितलं. त्रेचाळीस दिवस.

दिलावर घ्यायला गेला होता. फोन परत मिळाला होता, बॅटरी मेलेली. दिलावरने तो गाडीतल्या चार्जरला लावला. पाच मिनिटांनी तो उजळला आणि मेसेज येऊ लागले. आप्पा फोन उचला. आप्पा आई वाट बघतेय. आप्पा कुठे आहात. शेवटचा तेवीस तारखेचा होता: आईला काल अग्नी दिला, आता येऊ नका.

दिलावर मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई. तो नंतर सांगत होता, "बाजी, आदमी रोया भी नहीं. बोला, गाडी साइड में ले, पीछे वाले को तकलीफ होगी."

जानेवारीत दिलावरच त्यांना आमच्या ऑफिसात घेऊन आला. मी मान वर केली आणि समोर भाऊ. वाळलेले. "नुपूरच्या आई ना तुमी?" त्यांनी विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सगळं कबूल केलं, अंगठ्यासकट. ते म्हणाले, "माज्या पोरीची बस असती तर म्याबी दाखवला असता." मला त्यांचा रागच आला. एवढं समजूतदार असू नये माणसाने. समोरच्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.

त्यांना काय हवं होतं? बबीता बोलत नव्हती. गावात कुणीतरी आखातातून परतलेल्याने पसरवलं होतं, की रंगनाथ पुड्या विकताना सापडला. बबीताने एकदाच फोन उचलला आणि म्हणाली, "आईला मी शेवटचं बोलले ते खोटं बोलले, तुमच्यापायी." मग त्यांचा नंबर ब्लॉक. शाळेने बसवरून काढलं होतं, कंपनी त्यांना यार्डात बस धुवायला लावत होती, पण त्याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. "ताई, मला फक्त सरकारी कागद पायजे. राखच होती, असं लिवलेला. शिक्क्याचा. पोरगी शिकलेली हाय, शिक्का बगितला की मानंल."

सुटकेच्या कागदावर तसं काही नव्हतं. 'पुराव्याअभावी' एवढाच शब्द. त्याचा अर्थ गावात कसा लावतात ते सांगायला नको. अहवालाची नक्कल मागितली तर चौकीतून उत्तर आलं की अंतर्गत कागद आहे. उरला एकच रस्ता: दावा. चुकीने डांबल्याबद्दल पोलिसांना जबाबदार धरायचं, म्हणजे अहवाल कोर्टात यावाच लागेल.

आमचे वकील अब्बाससाहेब सुदानचे. जाडजूड, शांत, चहात चार चमचे साखर घालणारे. फी घेणार नाही म्हणाले, आणि मला बजावलं की यात वेळ जाईल. वेळ गेला. पोलिसांच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं. अधिकाऱ्याने कर्तव्य करताना, प्रामाणिक समजुतीने अटक केली. पुड्या होत्या, लपवून हातात दिल्या, आणि आरोपी स्वतः म्हणाला की दवा आहे, सगळ्यांना देतो. अशा अधिकाऱ्याला कायदा संरक्षण देतो. चूक झाली तरी देतो. नाहीतर पोलीस कुणाला हातच लावणार नाहीत.

अब्बाससाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि ऑफिसात येऊन मला म्हणाले, "नमिता, ते बरोबर बोलतायत. बारा दिवसांपुरते. कायदा प्रामाणिक चुकीच्या पाठीशी उभा राहतो. पण अहवाल टेबलावर आल्यावर चूक उरतच नाही. मग तो फक्त निष्काळजीपणा. तिथे कायदा बाजूला सरतो. मी त्रेचाळीस मागितले तर सगळेच जातील. मी बारा सोडून देतो आणि एकतीस मागतो."

"आणि नववा दिवस?" मी जवळजवळ ओरडले. "त्यांची बायको नवव्या दिवशी गेली! ज्या एकतीस दिवसांची भरपाई मागताय, त्यांत त्यांचं आणखी काय जायचं राहिलं होतं?"

अब्बाससाहेब चहा ढवळत राहिले. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे त्या दिवसासाठी कलम नाही."

मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. हे भाऊंना सांगायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात आलं. मी शब्द जुळवत होते, तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "देऊन टाका ते बारा, ताई. ते माजेच हायेत."

"तुमचे कसे?"

"म्या खोटं बोललो ना. नाथांचा अंगारा हातात आन् तोंडानं दवा म्हनलो. भ्यालो. खरं बोललो आसतो तर त्येनं वास घेऊन बगितलं आसतं, सोडलंबी आसतं. माजी बायको माज्या जिभेनं गेली. ह्यात पोलिसाचं काय?"

मी किती समजावलं. खरं सांगितलं असतं तरी तपासायला पाठवलंच असतं, बारा दिवस लागलेच असते. माणूस ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि परत तिथेच. शिवाय ते त्या अधिकाऱ्यावरही चिडेनात. तो कोर्टात आला होता, पंचविशीतला, मिशा नुकत्या राखलेला. आपल्या जागी आलेल्याने फाइल बघितली असेल असं वाटलं, असं त्याने सांगितलं. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "पोरगं रात्रंदिस स्टेडियमवर उभं होतं म्हनं." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जरा गप्प बसता का?"

ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला. शहर तेव्हा नव्या नवरीसारखं सजलं होतं, रस्त्यारस्त्यावर देशांचे झेंडे, शाळांना विश्वचषकाची सुट्टी जाहीर झालेली. अब्बाससाहेबांनी सांगितलं होतं तंतोतंत तसंच झालं. पहिले बारा दिवस अटक कायदेशीर, अधिकाऱ्याला संरक्षण. अहवाल आल्यानंतरचे एकतीस दिवस बेकायदेशीर, त्यांना संरक्षण नाही. भरपाईचा आकडा होता. तो भाऊंनी विचारला नाही.

अरबी निकालाचा अब्बाससाहेबांनी मला इंग्रजीत अर्थ सांगितला आणि मी तो मराठीत लिहून काढला. सहा पानं. आयुष्यात मी एवढं जपून भाषांतर केलं नव्हतं. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं: 'जप्त केलेल्या सदतीस पुड्यांमध्ये लाकूड व शेण यांच्या राखेखेरीज काहीही आढळले नाही.' भाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. मग मी मूळ निकाल शिक्क्यासकट आणि माझी सहा पानं बबीताला पाठवली, माझ्या फोनवरून, मी कोण ते लिहून. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दोन दिवस भाऊ यार्डातलं काम संपवून ऑफिसात येऊन बसत. अंगावर साबणाच्या पाण्याचे डाग. काही विचारत नसत. माझ्या टेबलावरच्या फोनकडे बघत बसत. मी त्यांना चहा देत होते आणि मनातल्या मनात त्या पोरीला शिव्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकून भाऊंच्या पुढे ठेवला आणि उठायला लागले. त्यांनी हाताने मला बसवलं.

"आप्पा," बबीता म्हणाली.

"बोल, बाई."

"वाचलं सगळं. दोनदा वाचलं. त्यात लिहिलंय, तुम्ही पोलिसाला दवा म्हणालात."

भाऊंनी डोळे मिटले. "व्हय. म्हनलो. भ्यालो गं. तिथंच चुकलं माजं. तुज्या आईला..."

"आप्पा, ऐका," ती म्हणाली. "मी लहान असताना ताप आला की आई काय म्हणायची? अंगारा आण म्हणायची का कधी? औषध आण म्हणायची. फळीवरच्या डबीतलं औषध आण. शेजारच्यांना द्यायची तेव्हाबी औषधच म्हणायची. तिनं त्याला कधी दुसरं काही म्हणलंच नाही. तुम्ही तिचाच शब्द सांगितला. खोटं कुठं बोललात तुम्ही?"

भाऊंनी डोळे उघडले आणि फोन दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"खोटं मी बोलले," बबीता म्हणाली. "विमान उशिरानं आहे म्हणून."

"त्ये खोटं न्हवं गं पोरी," भाऊ म्हणाले. "म्या निघालोच होतो."

आणि मग ते रडले. गाडी बाजूला घे म्हणणारा तो माणूस माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडला, तिकडे ती रडत होती, आणि मी मधे बसून कागद सरळ करत होते, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी तोंड धुतलं, रुमालाने पुसलं आणि निकालाची सहा पानं घडी करून खिशात घातली. पुढच्या आठवड्यात ते कायमचे गावी गेले. अख्खं जग दोहाकडे येत होतं तेव्हा मुंबईचं विमान निम्मं रिकामं होतं, असं दिलावर सांगत होता. पण फोन आला त्या दिवशी, ऑफिसच्या दारात, चपला घालता घालता ते थांबले.

"ताई," ते म्हणाले, "एकतीस दिस पोलिसाचे, त्ये कोर्टानं लिवलं. बारा दिस म्या माजे म्हनून धरून बसलो होतो. आता पोरगी म्हनते तुमचे न्हाईत. मग त्ये बारा दिस कुनाचे?"

मी त्यांच्यासाठी निकालाचं पानन् पान मराठीत आणलं होतं. त्यात त्या बारा दिवसांपुढे एकच शब्द होता: कायदेशीर.